ट्रेमधल्या चिलटांवर आठ महिने: पिवळी कार्डं, बीटीआय आणि टेबलफॅन

आमचं घर सांगलीत विश्रामबागेत, दादाचं शेत आष्ट्याला. त्याला पाच गुंठे मिरची लावायची होती. अडीच फूट बाय दोन फुटावर अकराशेच्या आसपास रोपं लागतात. त्याच्या आदल्या वर्षी बाहेरून आणलेली रोपं लावल्यावर पंधरा दिवसांत बोकड्या, म्हणजे पानं आक्रसणारा, पांढऱ्या माशीनं पसरणारा रोग, दिसायला लागला होता, म्हणून यंदा मी म्हटलं, तरू, म्हणजे रोपं, मी घरात टाकते. पांढरी माशी नाही, पाऊस नाही, सगळं डोळ्यांसमोर. मागच्या खोलीत चार फळ्यांचा लोखंडी रॅक, प्रत्येक फळीवर चार फुटी एलईडी ट्यूब, ९८ कप्प्यांचे बारा प्रोट्रे, म्हणजे रोपं करायचे ट्रे. म्हणजे ११७६ कप्पे. मे महिन्याच्या मध्याला बी टाकलं आणि नवव्या दिवशी उगवण दिसली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खोलीत चिलटं दिसायला लागली. मला वाटलं, आंब्यांची असतील. घरात रायवळ आंब्यांची पाटी होती, साली-कोयींचा डबा ओट्याखाली होता. डबा रोज बाहेर टाकायला लागले, पाटी संपली, तरी चिलटं तशीच. ह्या गैरसमजात माझे दहा दिवस गेले, आणि खरं नुकसान त्याच दहा दिवसांत झालं. आंब्यावरची माशी गोलसर, तपकिरी, लालसर डोळ्यांची असते. ट्रेवरची काळी, बारीक, लांब पायांची, डासाच्या पिल्लासारखी दिसते. ती नीट उडतही नाही. ट्रेला धक्का लागला की दोन बोटं वर उठते आणि परत कोकोपीटवरच, म्हणजे ट्रेमधल्या नारळाच्या काथ्याच्या भुश्यावरच बसते. एवढी ओळख मला तेव्हा असती तर बरंच वाचलं असतं.

रोपं दोन पानांवर अडकली. खालची पानं पिवळी पडली. चिमटीत धरून हलकं ओढलं की रोप मुळांशिवाय हातात यायचं. काही तर मानेपाशी बारीक होऊन आडवीच झाली. मला ती नुसती मर वाटली, म्हणजे कोवळी रोपं कोलमडवणारा बुरशीचा रोग. मर होतीच, पण एकटी नव्हती.

आष्ट्याकडे जाताना रस्त्यावर एक रोपवाटिका आहे. तिथल्या काकांना मी एक ट्रे नेऊन दाखवला. त्यांनी औषधाचं नाव काढलंच नाही. म्हणाले, "ताई, घरी जाऊन बटाट्याची पातळ चकती कापा, कोकोपीटवर दाबून ठेवा. परवा उलटून बघा." तिसऱ्या दिवशी चकती उलटली. खाली अर्धा सेंटिमीटर लांबीच्या, काचेसारख्या पांढऱ्या अळ्या होत्या, डोकं काळं चकचकीत. एका चकतीखाली अकरा मोजल्या. ह्या अळ्या बुरशी, शेवाळ, कुजणारा पाला खातात आणि तेच खाता खाता कोवळ्या मुळांचे केसही खातात. त्या जखमांतून मरीची बुरशी आत शिरते. म्हणून मर आणि चिलटं बरोबर आली होती.

बटाट्याची ही चाचणी मी अजूनही दर पंधरा दिवसांनी करते. खर्च शून्य, आणि उत्तर पक्कं मिळतं. चकती दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायची नाही, सडली की तीच त्यांचं खाद्य होते.

आता वापरलेल्या वस्तू.

पिवळी चिकट कार्डं मी जूनच्या शेवटी आणली, जुलैपासून नियमित वापरली. पहिल्या खेपेला रॅकच्या वरच्या दांडीला टांगली. आठवडाभरात सहा-सात चिलटं लागली, आणि मला कार्ड निरुपयोगी वाटलं. चूक जागेची होती. चिलटं वर उडतच नाहीत. मग कार्डाचे काडेपेटीएवढे तुकडे कापले, उदबत्तीच्या उरलेल्या काड्यांना लावले आणि ट्रेच्या कडेला, रोपांच्या शेंड्याच्या किंचित वर आडवे खोचले. पहिल्याच रविवारी एका ट्रेवर त्रेचाळीस. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मोजून कॅलेंडरवर लिहिते. कार्ड हे माझ्या दृष्टीनं औषध नाही, ते मोजमाप आहे. माशी कार्डाला चिकटेपर्यंत बहुतेक वेळा अंडी घालून मोकळी झालेली असते, आणि एक मादी शंभर-दीडशे अंडी सहज घालते. नुसती कार्डं लावून जुलैमध्ये माझा आकडा त्रेचाळीसवरून तीसवर आला आणि तिथंच थांबला.

एक सावधगिरी मात्र कळकळीनं सांगते. अख्खं कार्ड उघडं ठेवू नका. ऑगस्टमध्ये एका मोठ्या कार्डाला पालीचं पिल्लू चिकटलं. गोडेतेल बोटानं लावत लावत अर्ध्या तासानं सोडवलं. घरातली पाल हीच चिलटं खाते. छोट्या तुकड्यांना तसं कधी झालं नाही.

बीटीआय म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पूड. तिची गोष्ट जरा मोठी आहे. दुकानात जाऊन मी "बीटी द्या" म्हटलं. मिळालेली पुडी घेऊन दोन आठवडे ट्रेमध्ये ओतली, आकडा तसूभर हलला नाही. दादा आला तेव्हा त्यानं पुडी उलटून वाचली. "अगं, हे कुर्स्टाकी आहे. कोबीवरच्या अळीचं. माशीच्या अळीला याचं काय होणार?" बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजेन्सिस नावाचा जिवाणू, पण त्याचे प्रकार वेगवेगळे. कुर्स्टाकी पतंगाच्या अळ्यांवर चालतो, म्हणजे कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग वगैरे. डास आणि चिलटांच्या अळ्यांवर चालतो तो इस्राएलेन्सिस, म्हणजेच बीटीआय. तो १९७६ साली इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या, डासांनी भरलेल्या एका डबक्यातून वेगळा केला गेला, म्हणून ते नाव. आपल्याकडे तो डासांच्या अळ्या मारायला जास्त वापरला जातो आणि पुडीवरचं लेबलही त्याच कामाचं असतं. आपल्या भागातल्या शेती दुकानात बीटी म्हटलं की बहुधा कुर्स्टाकीच समोर येतो, कारण भाजीवाल्यांना तोच लागतो. पूर्ण नाव वाचूनच पैसे द्या.

बरोबर पुडी मिळाल्यावर ऑगस्टच्या खेपेला दर सात दिवसांनी, सलग चार वेळा दिलं. हा जिवाणू अंगावर पडून मारत नाही. अळीच्या पोटात जावा लागतो. तिथं त्याच्या स्फटिकातलं विष सुटतं, आतडं फाटतं आणि खाणं थांबतं. म्हणून उडणाऱ्या माशीला त्यानं काहीच होत नाही, अंड्यालाही नाही, आणि मोठ्या झालेल्या अळीपेक्षा लहान अळीवर तो चांगला चालतो. उन्हात त्याचा जोर लवकर जातो आणि कोकोपीटमध्येही तो फार दिवस टिकत नाही. एकदा टाकून थांबलात तर पुढच्या आठवड्यात फुटणारी अंडी मोकळी सुटतात. पहिले दहा दिवस कार्डावर काहीच फरक दिसला नाही, कारण आधीच कोषात गेलेल्या माश्या बाहेर येतच होत्या. तिसऱ्या रविवारी आकडा एकदम नऊवर आला. बटाट्याखाली एकच अळी. इथं मला पहिल्यांदा धीर आला.

पाण्यात मात्र पेच होता. काकांनी मला खालून पाणी द्यायला शिकवलं होतं. ट्रे उथळ परातीत ठेवायचा, वीस मिनिटांनी काढायचा, वरचा थर कोरडा राहतो. माशीला अंडी घालायला ओला पृष्ठभाग लागतो, तो मिळत नाही. पण बीटीआय तर जिथं अळ्या खातात तिथं, म्हणजे वरच्या इंचभरात पोचलं पाहिजे. खालून दिलं की ते तळाशीच राहतं. शेवटी असं बसवलं: आठवड्याचे बाकी दिवस खालून पाणी, बीटीआयच्या दिवशी बारीक झारीनं वरून, आणि त्या दिवशी पंखा दुपारपर्यंत चालू.

टेबलफॅनबद्दल मी कुणाला सांगितलं की त्यांना ते फारच साधं वाटतं. घरातला जुना पंखा, सगळ्यात कमी वेगावर, रॅकच्या कडेनं वारा जाईल असा. सांगलीच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत वाळत घातलेले कपडे दोन दिवस ओले राहतात, तिथं कोकोपीट कसं वाळणार? पंख्यानं वरचा थर संध्याकाळपर्यंत फिकट होतो, माशीला बसता येत नाही, आणि रोपांची खोडं जाड झाली हा फायदा मी धरलाही नव्हता. ह्या सगळ्यात मला एकच वस्तू ठेवायला सांगितली तर मी पंखा ठेवीन. त्याच खोलीत कपडे वाळत घालणंही बंद केलं.

पाणी कधी द्यायचं, ते ट्रे उचलून ठरवते. भरलेला आणि सुकलेला ट्रे दोन-तीनदा हातात घेतला की वजन कळायला लागतं. पूर्वी मी घड्याळाप्रमाणे रोज सकाळी पाणी द्यायचे. पुष्कळ रोपं मी त्या सवयीनंच घालवली.

आणि गांडूळखत. पहिल्या खेपेला कोकोपीटमध्ये मी तिसरा हिस्सा गांडूळखत मिसळलं होतं, अंगणातल्या उघड्या पोत्यातलं. पुढं त्या पोत्यावरही बटाट्याची चकती ठेवून पाहिली, खाली तीच काळ्या डोक्याची अळी. चिलटं मी स्वतःच घरात आणली होती. आता ट्रेमध्ये नुसतं धुतलेलं कोकोपीट आणि ट्रायकोडर्मा (मरीच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), खत रोप दोन खऱ्या पानांवर आल्यावर पाण्यातून. विटेतून उकललेलं कोकोपीटही झाकणाच्या बादलीत ठेवते.

न जमलेल्या गोष्टी थोडक्यात. दालचिनीची पूड: वास छान, अळ्यांवर परिणाम नाही. निंबोळी तेल साबण घालून फवारलं, तर कोवळ्या पानांच्या कडा भाजल्या, ट्यूबखाली असल्यामुळे जास्तच. निंबोळी पेंड ट्रेमध्ये घातली, तर तिच्यावरच बुरशी आली. बारीक वाळूचा थर कार्डावरच्या आकड्याला चांगला, पण मिरचीच्या बियाला तो फोडून वर येणं जड गेलं. त्या ट्रेची उगवण दिसण्याइतकी कमी होती. उगवण झाल्यावर परलाइटचा, म्हणजे पांढऱ्या हलक्या खनिज दाण्यांचा, पातळ थर देते, तो चालतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मी एकाच ट्रेला दिलं. फेस आला, काही अळ्या मेल्या, पण मुळांच्या टोकांची भीती वाटून पुन्हा वापरलं नाही.

टोमॅटोवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. टोमॅटोचं रोप पंचवीस दिवसांत शेतात जातं. चिलटाची एक पिढी अंड्यापासून माशीपर्यंत घरातल्या उबेत साधारण तीन-चार आठवडे घेते, म्हणजे दुसरी पिढी जोर धरायच्या आत टोमॅटो निघून गेलेला असतो. मिरची चाळीस दिवस ट्रेमध्ये राहते. दुसऱ्या पिढीच्या अळ्या तिच्याच मुळांवर वाढतात. माझ्या शेजारच्या ताई टोमॅटोची रोपं करतात, त्यांना चिलटं दिसतात पण नुकसान होत नाही, आणि मला कितीतरी दिवस कळत नव्हतं की माझंच काय चुकतंय.

ऑक्टोबरमध्ये एकदा फुलकिडेही आले, खिडकीत ठेवलेल्या झेंडूच्या कुंडीवरून. त्यांना निळं कार्ड लागतं. कुंडी बाहेर काढली, खिडकीला बारीक जाळी लावली, तेवढ्यावर भागलं.

हिशोब सांगायचा तर पहिल्या खेपेत सव्वाचारशे रोपं गेली आणि दादाला उरलेली बाहेरून घ्यावी लागली. तो एक शब्द बोलला नाही, पण मला ते अजून लागतं. ऑगस्टच्या खेपेत शंभराच्या आत. डिसेंबरमध्ये टाकलेले बारा ट्रे आत्ता रॅकवर आहेत, पस्तीस दिवसांचे, सहा-सात पानांवर. परवाच्या रविवारी बारा कार्डांवर मिळून पाच चिलटं होती, बटाट्याखाली काही नाही. बीटीआय ह्या खेपेला दोनदाच दिलं. पुढच्या आठवड्यात दादा टेंपो घेऊन येणार आहे.