साडेचार हजारांचं प्रोफाइल आणि काळारामाचा हिरवा दगड

२०१५ च्या सिंहस्थातले माझे फोटो हार्डडिस्कवर तसेच पडून होते. रामकुंडावरची पहाट, भगवी वस्त्रं, ओल्या पायऱ्या. निवृत्तीनंतर सहा रंगांचा इंकटँक प्रिंटर घेतला आणि घरीच छापायला बसलो. स्क्रीनवरचा लखलखीत भगवा कागदावर विटकरी उतरायचा, सावल्या काळ्याकुट्ट. चांगल्या मॅट पेपरचं अख्खं पाकीट वाया गेलं, तेव्हा रडकुंडीला आलो होतो.

अशा वेळी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात दिसली. घरी येऊन मॉनिटर आणि प्रिंटर, दोन्हींचं आयसीसी प्रोफाइल (यंत्र रंग कसे दाखवतं किंवा छापतं हे संगणकाला सांगणारी फाइल) करून मिळेल, ४,५०० रुपये. २,००० आगाऊ पाठवले. रविवारी तो आमच्या पंचवटीतल्या घरी आला. बोलायला गोड, दर वाक्याला "काका". स्क्रीनवर माऊसएवढं एक यंत्र लटकवलं, पाच मिनिटं रंगीत चौकोन झळकले. मॉनिटरचा ब्राइटनेस १०० वरून ३० वर आणला. मग प्रिंटरच्या सेटिंगमध्ये काहीबाही केलं आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवरचा द्राक्षबागेचा फोटो छापला. पानं तजेलदार, घड अगदी स्क्रीनवर दिसत होते तसेच. मी खूश. त्याने एक फाइल कॉपी करून दिली, "आता कशाला हात लावू नका, सगळं सेट आहे" म्हणाला आणि उरलेले २,५०० घेऊन गेला. बिल मी मागितलं नाही.

आठवड्याने काळाराम मंदिराचा फोटो छापला. काळ्या पाषाणाचं ते मंदिर. कागदावर आलं तर दगडावर शेवाळ धरल्यासारखी हिरवट झाक! पुजाऱ्यांचे चेहरे आजारी दिसत होते. फोन केला तर आधी शाईचा दोष, मग कागदाचा, मग परत यायचे १,५०० रुपये. तिसऱ्या दिवसापासून फोन लागेना. ब्लॉक केलं होतं.

शेजारची मुलगी अंबडला एका छपाईच्या कारखान्यात प्रीप्रेसचं, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करायचं काम करते. तिने आल्या आल्या विचारलं, "काका, त्याने रंगांच्या चौकोनांचा तक्ता छापला होता का?" नव्हता. मग तिने ती फाइल दाखवली. आकार जेमतेम ३ केबी. प्रिंटरचं खरं प्रोफाइल शेकडो केबींचं असतं, कधी एमबीच्याही वर जातं. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये फाइलचं आतलं नाव दिसतं, तिथे होतं एसआरजीबी. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली, प्रत्येक विंडोजसोबत फुकट येणारी रंगव्यवस्था. तीच फाइल, वरचं नाव बदललेली, माझ्या प्रिंटरचं नाव देऊन. ते बघून हातपाय गार पडले.

हिरवेपणाचं कारणही सापडलं. प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मॅजेंटा (किरमिजी शाई) बराच खाली ओढून ठेवला होता. मॅजेंटा कमी केला की सगळं हिरव्याकडे झुकतं. द्राक्षाच्या पानांना ते शोभतं. करड्या-काळ्या दगडात आणि माणसांच्या कातडीत लगेच उघडं पडतं. नमुन्याला त्याने तोच फोटो का निवडला, हे मला तेव्हा कळलं.

तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहितो. स्क्रीनवर लटकवायचं ते यंत्र स्क्रीनचा उजेड मोजतं. त्याने कागद मोजता येत नाही. कागदासाठी वेगळं यंत्र लागतं, स्पेक्ट्रोफोटोमीटर. शेकडो चौकोनांचा तक्ता रंगदुरुस्ती बंद ठेवून छापायचा, शाई नीट वाळू द्यायची, मग चौकोन न् चौकोन मोजायचा. आणि ते प्रोफाइल त्या एका प्रिंटर, शाई, कागदाच्या जोडीपुरतंच. एका बैठकीत अर्ध्या तासात ते होत नाही.

माझं काम शेवटी फुकटात झालं. ड्रायव्हर मूळ सेटिंगवर आणला. कागद बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर माझ्या प्रिंटर-मॉडेलचं प्रोफाइल होतं, ते उतरवून घेतलं. छापताना रंग सॉफ्टवेअरने सांभाळायचे आणि ड्रायव्हरची रंगदुरुस्ती बंद, हे पाळलं. दोघांनी दुरुस्ती केली की लाली चढते. माझा विटकरी भगवा त्यातूनच आला होता. ब्राइटनेससाठी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडून शेजारी खिडकीच्या उजेडात कोरा कागद धरला आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत उजेड उतरवला. त्या माणसाने केलेलं एवढं एकच काम खरं होतं. प्रिंटही आता पिवळ्या दिव्याखाली बघत नाही, खिडकीपाशी नेतो. झगझगीत भगवा अजूनही स्क्रीनएवढा येत नाही, तेवढा शाईच्या आवाक्यातच नसतो. पण दगड काळा येतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, यूपीआयची नोंद आणि मेसेज जोडले आहेत. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर त्याचीच जाहिरात दिसली, दर आता ५,५००. सोबत नमुना म्हणून तोच द्राक्षबागेचा फोटो.