यादी दिसली म्हणजे डेटा मिळाला असं नाही

बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून देतो म्हणून होणारी फसवणूक बहुतेक वेळा एकाच वाटेने जाते. डिस्क न बघता फोनवरच निदान होतं, ‘हेड गेलंय, क्लीन रूम लागेल.’ (हेड म्हणजे डिस्कवरचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, क्लीन रूम म्हणजे धूळ गाळलेली खोली.) डिस्क जमा होते, पार्ट मागवायचे म्हणून आगाऊ रक्कम घेतली जाते. काही दिवसांनी स्क्रीनशॉट येतो. त्यात तुमचीच फोल्डरं, तुमच्याच फाइलींची नावं, तारखा, साइझ, सगळं जसंच्या तसं. बघणाऱ्याच्या जिवात जीव येतो आणि तो उरलेले पैसे भरून टाकतो. फाइल उघडायला जावं तर उघडत नाही. जाब विचारला की उत्तर तयार असतं, ‘डेटा आधीच करप्ट होता, जसा होता तसा काढून दिला.’ तोवर मूळ डिस्क उघड्या हवेत उघडून झालेली असते.

या शेवटच्या गोष्टीने होणारं नुकसान सगळ्यात मोठं. डेटा ज्या फिरत्या तबकडीवर असतो त्या प्लॅटरवरचा चुंबकीय थर एकदा खरवडला गेला की तिथला डेटा कुठल्याही लॅबला, कितीही पैसे दिले तरी, परत काढता येत नाही. म्हणून फसवणूक ओळखायची ती डिस्क हातातून देण्याआधी.

आधी त्या स्क्रीनशॉटचं बघू, कारण बहुतेक पैसे तिथेच जातात. फाइली साठवण्याच्या विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या एका वेगळ्या जागी असते. एक नोंद साधारणपणे १०२४ बाइटची. तिच्यात फाइलचं नाव, साइझ, तारखा आणि आतला मजकूर डिस्कवर कुठे ठेवलाय त्याचे पत्ते असतात. मजकूर स्वतः, अगदी लहान फाइली सोडल्या तर, दुसरीकडे असतो. डिस्कवर ३ लाख फाइली असतील तर हे टेबल भरतं सुमारे ३०० एमबी. म्हणजे १ टीबीच्या डिस्कमधले फक्त ३०० एमबी, दहा हजार भागांतले तीन भाग, वाचता आले तरी संपूर्ण यादी पडद्यावर येते. उरलेल्या डिस्कला हातही लागलेला नसतो. प्रामाणिक माणूससुद्धा यादी दाखवतोच, पण ती कामाची सुरुवात असते. यादीवर पैसे मागणारा माणूस तुम्हाला पत्ते विकतोय, घरात कुणी आहे का हे त्याने पाहिलेलंच नाही.

त्यामुळे यादी आली की तुम्ही स्वतः निवडलेल्या वीस-पंचवीस फाइली उघडून दाखवायला सांगा. निवड त्यांच्यावर सोडू नका. वेगवेगळ्या फोल्डरांतल्या, वेगवेगळ्या वर्षांतल्या घ्या, आणि त्यांत दोन-तीन मोठ्या व्हिडिओ फाइली जरूर ठेवा. फोटोची छोटी थंबनेल दिसली तर तेवढ्यावर समाधान मानू नका. ती वेगळी साठवलेली असू शकते, मूळ फोटो पूर्ण आकारात उघडायला हवा. एक्सेल असेल तर शेवटची शीट, पीडीएफ असेल तर शेवटचं पान बघा.

कॉपी आधीच घेऊन झाली असेल तर ती तपासायची एक सोपी युक्ती आहे. फोटोंचं एखादं मोठं फोल्डर झिप करून बघा. जेपेग फोटो मुळातच दाबलेले असतात, त्यामुळे ४० जीबीचं फोल्डर झिप केल्यावरही जवळजवळ ४० जीबीच राहतं. तेच फोल्डर काही एमबीवर आलं तर त्या फाइलींच्या आत नुसती शून्यं भरलेली आहेत. नाव खरं, साइझ खरी, आत काही नाही. याहून खोलात जायचं असेल तर फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे आतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रामात, उघडा. जेपेगची सुरुवात ‘एफएफ डी८ एफएफ’ या बाइटनी होते. वर्ड-एक्सेलच्या नव्या फाइली आतून झिपच असल्याने त्यांची पहिली दोन अक्षरं ‘पीके’ असतात, आणि पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने सुरू होऊन पुढे स्वतःचं नाव सांगते. फाइलभर ‘०० ०० ००’ दिसत असेल तर ती जागा बहुधा वाचलीच गेलेली नाही.

खरं नुकसान वेगळं दिसतं. फोटोचा वरचा भाग नीट आणि खाली करडा पट्टा, व्हिडिओ मध्येच अडखळून पुढे चालू, अशा फाइली असतील तर निदान प्रयत्न तरी झालाय. चार हेडपैकी एक गेलं असेल तर डेटाचे पट्टेच्या पट्टे गायब होतात. काही एमबीचे फोटो बहुतांश पूर्ण वाचतात, पण कित्येक जीबीच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओला भोकं पडतात. सगळ्या फाइली एकसारख्या रिकाम्या असतील तर त्याचा हेड खराब असण्याशी काही संबंध नाही.

आता फोनवरच्या निदानाबद्दल. आवाजावरून अंदाज बांधता येतो, निदान करता येत नाही. डिस्क टकटक करते तेव्हा बहुतेकदा हेडचा दोष असतो हे खरं, पण फर्मवेअरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्याच प्रोग्रामचा, भाग वाचता आला नाही किंवा सर्किट बोर्ड दुसऱ्याच डिस्कचा लावला तरी तसाच आवाज येतो. डिस्क फिरते, ओळखली जाते, पण कॅपॅसिटी शून्य किंवा नाव विचित्र दिसतं, तेव्हा संशय फर्मवेअरवर जातो. ओळखली जाते पण फोल्डर उघडायला मिनिटंच्या मिनिटं लागतात, तेव्हा खराब सेक्टर (डेटा साठवायचे बारीक कप्पे) किंवा कमजोर झालेलं हेड. आणि अजिबात फिरत नाही, आवाजही नाही, तेव्हा बोर्ड बघायचा.

बोर्डाच्या बाबतीत तर सर्रास लूट होते. साडेतीन इंची एक्स्टर्नल डिस्कला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि कुणीतरी चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा लावतं. बोर्डावर अशा वेळेसाठी टीव्हीएस डायोड असतात, साधारणपणे एक ५ व्होल्टच्या लाइनवर आणि एक १२ व्होल्टच्या. जादा व्होल्टेज आलं की तो डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं सर्किट वाचवतो. मल्टिमीटरने तपासून तो शॉर्ट डायोड काढला की पुष्कळदा डिस्क लगेच फिरायला लागते. काम काही मिनिटांचं, आणि बिल लागतं हेड बदलल्याचं.

‘तशाच मॉडेलचा बोर्ड लावून देतो’ हेही तसंच फसवं. बोर्डावर बहुधा आठ पायांची एक रॉम चिप असते आणि तिच्यात त्याच एका डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात बसवलेली मापं असतात. ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर न नेता नुसता बोर्ड बदलला तर आजच्या डिस्क चालत नाहीत, आणि चुकीच्या मापांवर चालवायला गेलं तर हेडचं नुकसान होऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे मूळ बोर्ड टाकून दिला जातो आणि रॉमही त्याच्याबरोबर जाते. म्हणून जुना बोर्ड परत मिळाला पाहिजे हे आधीच लिहून घ्या.

हेड खरोखर बदलायचं असेल तर काय लागतं ते माहीत असलेलं बरं. त्याच मॉडेलची, त्याच घराण्यातली, प्रीअॅम्प (हेडचा सिग्नल वाढवणारी चिप) जुळणारी दुसरी चालू डिस्क लागते. हेड प्लॅटरच्या वर अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि खाली प्लॅटर मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारत असतो. धुळीचा कण मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे हेडच्या वाटेत तो डोंगरच. म्हणून हे काम आयएसओ क्लास ५ दर्जाच्या हवेत करतात. तिथे एका घनमीटरमध्ये अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३,५२० चालतात. त्यासाठी संपूर्ण खोलीच लागते असं नाही, चांगलं लॅमिनार फ्लो बेंच, म्हणजे गाळलेली हवा एकाच दिशेने सोडणारं टेबल, पुरतं. पण ‘बघतो जरा उघडून’ म्हणत साध्या टेबलावर झाकण काढणाऱ्याच्या हातात डिस्क राहू देऊ नका. उघडलेल्या डिस्कचा चकचकीत फोटो पाठवला म्हणजे हेड बदललं असंही होत नाही. तो फोटो कुठल्याही डिस्कचा असू शकतो, तुमच्या सीरियल नंबरचं लेबल त्याच चौकटीत दिसायला हवं.

‘९९ टक्के रिकव्हरी’ हा शब्दही नीट तपासा. १ टीबीतले ९९ टक्के सेक्टर वाचले तरी १० जीबी राहतात, आणि तुमची हिशोबाची फाइल त्या १० जीबीत असू शकते. शिवाय रॉ रिकव्हरीत फाइली नुसत्या सुरुवातीच्या खुणेवरून शोधल्या जातात. नाव नाही, फोल्डर नाही, तुकड्यांत साठवलेली फाइल असेल तर ती मोडकी. ब्राउझरमधली बारीकसारीक चित्रं मोजूनही ‘दोन लाख फाइली मिळाल्या’ असं सांगता येतं. टक्के कशाचे, सेक्टरचे की उघडणाऱ्या फाइलींचे, हे विचारा.

नीट काम करणारा माणूस आधी डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढतो आणि पुढचं सगळं त्या इमेजवर करतो. पहिल्या फेरीत चांगला भाग वाचून घ्यायचा, जिथे अडेल तिथून पुढे उडी मारायची, आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळायचं. डीडीरेस्क्यूसारख्या मोफत प्रोग्रामातसुद्धा याची नोंद मॅपफाइलमध्ये राहते. तिच्यात अधिकचं चिन्ह म्हणजे वाचलेला भाग, उणे म्हणजे खराब, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून प्रयत्नच झालेला नाही. महागडी हार्डवेअर यंत्रंही असा अहवाल देतात. तो मागा. काम झालं असेल तर अहवाल असतोच.

आजारी डिस्कवर थेट ‘बॅड सेक्टर रिपेअर’ किंवा विंडोजचं चेकडिस्क चालवणाऱ्याला थांबवा. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं हे आहे, तुमचा डेटा वाचवणं नव्हे. दुरुस्तीच्या नादात ते नोंदी पुसून टाकतं आणि मागे नाव नसलेले तुकडे उरतात. लो लेव्हल फॉरमॅट करून डेटा आणतो म्हणणारा तर सरळ पुसायचीच भाषा बोलतोय.

काही बाबतींत ‘होईल’ हे उत्तरच खोटं असतं. एकदा पूर्णपणे दुसरा डेटा वरून लिहिला गेला असेल तर जुना परत येत नाही. एसएसडीवर डिलीट केल्यावर ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी करायची सूचना) चाललं असेल तर बहुतेकदा हाती शून्यंच येतात. बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन) लावलेल्या डिस्कचा पासवर्डही नाही आणि ४८ अंकी रिकव्हरी कीही नाही, तर डिस्क कितीही छान वाचली तरी आत शिरता येत नाही. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा बोर्डच डेटा एन्क्रिप्ट करतो, पासवर्ड कधी ठेवला नसला तरी, त्यामुळे तो बोर्ड हरवणं महागात पडतं.

डिस्क देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. लेबल, सीरियल नंबर, बोर्डावरचा छापील नंबर आणि झाकणाचे टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचे) स्क्रू स्पष्ट दिसू द्या. बऱ्याच डिस्कमध्ये एखादा स्क्रू लेबलच्या खाली असतो. लेबलवरून बोट फिरवलं की तिथे खळगा लागतो. परत आल्यावर त्याच जागी कागद फाटलेला किंवा टोचलेला असेल तर झाकण उघडलं गेलंय, मग समोरचा काहीही सांगो.

डिस्क अजून ओळखली जात असेल आणि विचित्र आवाज करत नसेल, तरच देण्याआधी मिनिटभर जोडून स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे टिपून घ्या: खराब सेक्टरांचे ०५, सी५, सी६, आणि ०९ म्हणजे चालू राहिलेले तास. टकटकणारी डिस्क यासाठीही चालू करू नका. परत आल्यावर, झाकण उघडल्याची खूण नसेल तर, ते पुन्हा बघा. मधल्या काळात डिस्क तासन् तास चालल्याचं ०९ च्या वाढलेल्या आकड्यावरून दिसत असेल तर बहुधा ती साध्या कॉम्प्युटरला लावून नुसती स्कॅन केली गेली. आकडा वाढला नाही म्हणून मात्र कुणावर आरोप करू नका, कारण चांगल्या लॅब डिस्कचं स्वतःहून लिहिणं आधी बंद करतात. सॉफ्टवेअरला दिसणारा सीरियल नंबर आणि लेबलवरचा नंबर एकच आहे ना, तेही परत घेताना बघा.

पावतीवर सीरियल नंबर, दोष काय ठरला, लेखी परवानगीशिवाय झाकण उघडायचं नाही, तुम्ही निवडलेल्या फाइली उघडल्याशिवाय उरलेले पैसे नाहीत, आणि काम न झाल्यास डिस्क सगळ्या मूळ भागांसह परत, एवढं असू द्या. यातलं काहीही लिहून द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून डिस्क तिथल्या तिथे परत घ्या.

फसवणूक होऊन गेली असेल तर डिस्क पुन्हा जोडून ‘एकदा बघू’ करू नका. त्यांनी दिलेल्या कॉपीतलं काही पुसू नका, मेसेज, स्क्रीनशॉट, पावत्या जपून ठेवा, तक्रारीला त्याच लागतील. दुसऱ्या लॅबकडे जाताना आधी काय झालं ते लपवू नका: झाकण उघडलं होतं का, बोर्ड बदलला का, कोणतं सॉफ्टवेअर किती वेळ चाललं. झाकण उघडलं गेलंय हे कळलं तर तिथला माणूस वीज देण्याआधी प्लॅटर तपासेल. ते माहीत नसेल तर सरळ डिस्क चालू करेल, आणि आत धूळ किंवा वाकलेलं हेड असेल तर उरलासुरला थरही त्या काही सेकंदांत जाईल.