बॉल पायथनच्या पेटीला ऊब कशाने द्यायची? हीट मॅट, सिरॅमिक की हॅलोजन

बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. त्याला सगळ्या पेटीत एकसारखं तापमान नको असतं. एक बाजू उबदार आणि दुसरी थंडसर असली, की तो जागा बदलून अंग तापवतो किंवा निववतो. उबदार बाजूच्या लपणीत ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २५ ते २७, आणि रात्रीसुद्धा २४ च्या खाली नाही, असा हिशेब धरावा. गारठलेल्या सापाला उंदीर पचत नाही, तो ओकून टाकतो. गारठा लांबला तर श्वसनाचा संसर्ग होतो आणि तो निस्तरणं फार अवघड जातं.

हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, सर्वांत स्वस्त. वीज कमी खाते आणि उजेड पाडत नाही. काचेच्या टाकीच्या किंवा प्लास्टिकच्या टबच्या तळाशी, बाहेरून, एका बाजूला ती लावतात. पण मॅट तापवते ती जमीन. पेटीतली हवा तिच्याने फारशी तापत नाही. मुंबईत किंवा कोकणात खोलीच मुळात उबदार असते, तिथे टबमध्ये वाढणाऱ्या पिल्लाला ती पुरते. वर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) जाड थर मात्र देऊ नका. उष्णता खाली कोंडते, साप उकरत थेट तळाशी पोचतो आणि पोट भाजून घेतो. लाकडी पेटीत मॅट लावूच नये.

पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली जातो. तिथे एकटी मॅट हरते आणि सिरॅमिक एमिटर (बल्बसारखा होल्डरमध्ये बसणारा, नुसती उष्णता देणारा हीटर) कामाला येतो. तो हवा तापवतो, आणि उजेड नसल्यामुळे रात्रभर चालला तरी सापाचा दिवस-रात्रीचा क्रम बिघडत नाही. (रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे लाल बल्ब घेऊ नका, त्यांचा उजेड सापाला दिसतो.) सिरॅमिकचा त्रास म्हणजे तो हवा कोरडी करतो. या सापाला ६० टक्क्यांच्या आसपास किंवा थोडी जास्तच आर्द्रता लागते. ती घसरली की कात तुकड्यातुकड्यांनी निघते. वर जाळीचं झाकण असेल तर ऊब आणि ओल दोन्ही निसटतात, म्हणून जाळीचा बराचसा भाग झाकावा. होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. एमिटर पेटीच्या आत असेल तर त्याला जाळीचा पिंजरा हवाच, कारण साप ऊब शोधत थेट त्यालाच विळखा घालतो.

दिवसासाठी माझी पसंती हॅलोजन बल्बला. त्याची उष्णता सूर्याच्या उष्णतेला सर्वांत जवळची. ती कातडीवरच न थांबता अंगात खोलवर शिरते, मॅट आणि सिरॅमिक वरवर तापवतात. त्याच्याखाली एक सपाट दगड ठेवला की तोही तापतो. बल्ब अचानक जातो, म्हणून एक जास्तीचा घरात असू द्या. लाकडी किंवा पीव्हीसी पेटी असेल तर दिवसा हॅलोजन आणि थंडीत रात्री सिरॅमिक, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

मात्र पैसे कमी असतील तर आधी थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानावर हीटर आवरणारं उपकरण) घ्या, बल्ब नंतर. त्याच्याशिवाय यातलं काहीही लावणं म्हणजे सापाला भाजण्याची सोय करणं. मॅटला साधा चालू-बंद होणारा चालतो. सिरॅमिकला पल्स प्रकारचा, म्हणजे वीज छोट्या झटक्यांनी देणारा, बरा. हॅलोजनला डिमर प्रकारचाच, म्हणजे वीज हळूहळू कमी-जास्त करणारा, हवा, नाहीतर बल्ब सारखा उघडझाप करतो आणि लवकर जातो. प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा सेन्सर, घट्ट बसवा. तो सरकून थंड बाजूला पडला, तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गारच आहे आणि हीटर पूर्ण जोरात चालत राहतो. पेटीच्या आत चिकटपट्टी वापरू नका, ती सापाच्या अंगाला चिकटली तर खवले उपटून निघतात. शिवाय दोन्ही बाजूंना एकेक वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवा. थर्मोस्टॅटवरच्या आकड्याची तपासणी त्यानेच होते.

विदर्भातला प्रश्न उलटा आहे. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात आणि थर्मोस्टॅटला गार करता येत नाही. पेटीची थंड बाजूच ३३-३४ वर गेली तर सापाला पळायला जागा उरत नाही. तिथे हीटरच्या आधी पेटी कुठल्या खोलीत राहणार ते ठरवा: पश्चिमेची भिंत नको, कूलर किंवा एसी असलेली खोली हवी. लोडशेडिंग असेल तिथे थंडीसाठी मॅट इन्व्हर्टरवर सहज चालते, सिरॅमिक मात्र बॅटरी लवकर संपवतो.

आपल्याकडचा अजगर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळता येत नाही. बॉल पायथन परदेशी असला तरी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. कागद पाहिल्याशिवाय साप विकत घेऊ नका. आणि घेण्याआधी रिकामी पेटी आठवडाभर चालवा, पहाटेचे आणि दुपारचे आकडे लिहून ठेवा. ते स्थिर झाल्यावरच साप घरी आणा.