ग्लासनेविन सिमेट्री टूर, डब्लिन: सिन फेन का फुटली ते इथे समजलं

डब्लिनला राहून मला सहा वर्षं झाली पण ग्लासनेविनला कधी गेले नव्हते, दफनभूमीत काय बघायचं असं वाटायचं. मे महिन्यात बाबा आले, त्यांना राजकारणाचं भयंकर वेड, त्यांनीच हट्ट धरला म्हणून गाइडेड टूर बुक केली आणि आता मी भेटेल त्याला सांगतेय की इथे याच. माझ्याकडून पाचपैकी पाच.

जागा अफाट आहे, 1832 साली सुरू झाली आणि 15 लाखांपेक्षा जास्त माणसं इथे पुरलेली आहेत. टूर साधारण दीड तास चालते. आमची गाइड बाई इतकं मनापासून बोलत होती की बाबा, ज्यांना आयरिश उच्चार समजायला त्रास होतो, तेसुद्धा पहिल्या रांगेत उभे. एकोणिसाव्या शतकातला आयरिश नेता डॅनियल ओ'कॉनेल याचा उंच मनोरा वगैरे सगळं छान आहे, पण मला बोलायचंय ते सिन फेनबद्दल, म्हणजे ब्रिटिश राजवटीतून आयर्लंडला स्वातंत्र्य हवं म्हणणाऱ्या पक्षाबद्दल.

बघा ना, डिसेंबर 1918 च्या निवडणुकीत या पक्षाने आयर्लंडच्या 105 पैकी 73 जागा जिंकल्या. लंडनच्या पार्लमेंटात जायचंच नाही म्हणून जानेवारी 1919 मध्ये डब्लिनलाच स्वतःची संसद भरवली, डॉल म्हणतात तिला. पक्षाचा अध्यक्ष डी व्हॅलेरा तेव्हा इंग्लंडच्या लिंकन जेलमध्ये होता, केकमधून आत किल्ल्या पाठवल्या आणि फेब्रुवारीत त्याला बाहेर काढलं, बाहेर न्यायला उभे कोण तर पक्षाचाच नेता मायकेल कॉलिन्स आणि त्याचा जिवलग मित्र हॅरी बोलंड. 1921 च्या निवडणुकीत तर दक्षिण आयर्लंडमध्ये 128 पैकी 124 जागा बिनविरोध. एवढं यश मिळालेला पक्ष पुढच्या वर्षभरात एकमेकांवर गोळ्या झाडायला लागला.

मागे एक दुसरी वॉकिंग टूर केली होती, नाव घेत नाही, तिथे भावाने भावाला मारलं एवढंच सांगून पुढे पबमध्ये नेलं होतं. इथे का फुटले ते कळलं. 6 डिसेंबर 1921 ला लंडनमध्ये ब्रिटनबरोबर ट्रीटी म्हणजे तह झाला, सही करणाऱ्यांत पक्षाचा संस्थापक ग्रिफिथ आणि कॉलिन्स होते, त्यात प्रजासत्ताक नाही, साम्राज्यातच राहून स्वतःचा कारभार करणारं फ्री स्टेट, वर राजाशी निष्ठेची शपथ. मला इतकी वर्षं वाटायचं की भांडण उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडेच राहिले यावरून झालं असणार, तर नाही, डॉलमधला बहुतेक वाद त्या शपथेवर होता. 7 जानेवारी 1922 ला मतदान झालं, ट्रीटीच्या बाजूने 64, विरोधात 57. फक्त सात मतं!

घरी येऊन मी अजून वाचलं तेव्हा लक्षात आलं की भेग आधीपासूनच होती. ग्रिफिथने 1905 मध्ये सिन फेन काढली तेव्हा त्याला राजा एकच पण दोन वेगळी राज्यं चालणार होती आणि नंतर आलेल्यांना पूर्ण प्रजासत्ताक हवं होतं, मग 1917 च्या अधिवेशनात तोडगा काढला की आधी प्रजासत्ताक मिळवू, राज्यपद्धती कुठली ते लोक नंतर ठरवतील. माझ्या मते खरी चूक इथेच झाली, सगळ्यात मोठा प्रश्न पुढे ढकलला आणि जिंकल्यावर तोच समोर उभा राहिला. बाबांना लगेच आपली 1969 ची काँग्रेस आठवली, फुटीनंतर बैलजोडी हे चिन्ह कसं गोठवलं ते बसमध्ये मला पूर्ण सांगितलं.

सगळ्यात जास्त हलवून टाकतं ते थडग्यांमधलं अंतर. कॉलिन्स फ्री स्टेटच्या सैनिकांच्या भागात आहे, 22 ऑगस्ट 1922 ला अँबुशमध्ये गेला तेव्हा 31 वर्षांचा, त्याच्यावर आजही ताजी फुलं असतात. बोलंड ट्रीटीच्या विरोधात गेला, त्याच उन्हाळ्यात फ्री स्टेटचे सैनिक त्याला पकडायला गेले असताना त्यांनी त्याला गोळी घातली आणि तो रिपब्लिकन प्लॉटमध्ये, म्हणजे प्रजासत्ताकवाल्यांच्या भागात आहे. ग्रिफिथ ऑगस्टमध्येच आजारपणात गेला, तोही इथेच. आणि ज्याला कॉलिन्स आणि बोलंडने जेलमधून काढलं तो, ट्रीटीच्या विरोधातला डी व्हॅलेरा 1975 पर्यंत जगला, 1926 ला त्याने फिआना फॉल हा नवा पक्ष काढला, पुढच्या वर्षी त्याच शपथेच्या वहीत सही करून डॉलमध्ये गेला, आणि तोही याच जागेत, चालत काही मिनिटांवर. ते ऐकताना बाबांनी टोपी काढून हातात घेतली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

फ्री स्टेटचा मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स याचं थडगं दाखवतात का ते विचारा. ऑक्टोबर 1921 ला त्याच्या लग्नात, पुढे ट्रीटीच्या विरोधात गेलेला रोरी ओ'कॉनर बेस्ट मॅन होता आणि 8 डिसेंबर 1922 ला सरकारने ओ'कॉनरला गोळ्या घालून मारलं, त्या मंत्रिमंडळात ओ'हिगिन्स होता. 1927 मध्ये त्याचाही खून झाला. मला हे ऐकून रडू आलं.

आणि ही फूट मिटायला किती वेळ लागला तर दोन्ही बाजूंतून निघालेले पक्ष, ट्रीटीविरोधी फिआना फॉल आणि ट्रीटीच्या बाजूचा फिने गेल, पहिल्यांदा एकत्र सरकारमध्ये बसले ते 2020 साली.

जाताना रेनकोट आणि चांगले बूट हवेतच, सगळं उघड्यावर आहे आणि वारा खूप. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर सकाळची टूर घ्या, नंतर शेजारच्या बोटॅनिक गार्डनमध्ये बसता येतं, तिथे तिकीट नाही. बाबा परत जायच्या आदल्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, टूर न घेता, कॉलिन्सकडे फुलं होतीच म्हणून आमची बोलंडकडे ठेवली.