हायक्रॉस हायब्रिडमध्ये ०डब्ल्यू-१६ की ०डब्ल्यू-२०? दोन्ही ऑइल वापरल्यावरचा अनुभव

आमच्या टोयोटा इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडमध्ये (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली गाडी) आधी ०डब्ल्यू-२० ग्रेडचं इंजिन ऑइल होतं, आता बरेच महिने त्याहून पातळ असं ०डब्ल्यू-१६ आहे आणि पुढेही तेच राहणार. रोजचं चालवणं पुण्यात, हडपसर ते औंध. सुट्टीत कोल्हापूर, कधी खाली कोकणात. इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण "आपल्या उन्हाळ्याला जाड ऑइलच बरं" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि हायब्रिडच्या बाबतीत मला तो मुळातच पटत नाही.

घराजवळच्या गॅरेजवाल्यांनी काळजीनेच सांगितलं होतं, "ताई, हे पाण्यासारखं ऑइल मे महिन्यात टिकायचं नाही. ५डब्ल्यू-३० टाकू, इंजिनचा आवाजही बसेल." जुन्या डिझेल गाड्यांवर त्यांचा हात बसलेला आहे आणि तिथे त्यांचा शब्द मी मानते. पण बाहेर ३० अंश असोत की ४२, थर्मोस्टॅट इंजिनचं कूलंट, म्हणजे ते थंड ठेवणारं द्रव, ठरलेल्या तापमानाच्या आसपासच ठेवतो. ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. शिवाय १५० अंशांवर, वेगाने फिरणाऱ्या भागांत चेपलं जात असताना ऑइल किती दाट राहायला हवं, याचीही किमान मर्यादा आहे. १६ ग्रेडला २.३, २० ग्रेडला २.६ आणि ३० ग्रेडला २.९ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचं एक माप). म्हणजे १६ आणि २० मध्ये फरक आहे, पण लोक समजतात तसं एक पाणी आणि दुसरं मध असं काही नाही. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत पहिली पसंती १६ला आहे.

हायब्रिडचा खरा प्रश्न उष्णतेचा नाही, इंजिन पुरेसं तापतच नाही हा आहे. ओबीडीला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचं साधं स्कॅनर घेऊन मी कूलंटचं तापमान बघत असते. मगरपट्ट्यापासून विद्यापीठ चौकापर्यंत सिग्नल-सिग्नलला गाडी बॅटरीवर सरकते, इंजिन बंद पडतं, तापमान उतरतं, मग मिनिटभर इंजिन सुरू होऊन पुन्हा थांबतं. डिसेंबरच्या सकाळी तर ते सारखं साठ-सत्तरच्या घरात घुटमळतं. अशा वेळी १०० अंशांवर ऑइल कसं वागतं यापेक्षा ४०-७० अंशांवर ते किती पटकन वाहतं याला जास्त महत्त्व येतं. ४० अंशांवर ०डब्ल्यू-१६ साधारण पस्तीसेक सेंटिस्टोक्स (हेही दाटपणाचंच माप) असतं, तर ५डब्ल्यू-३० बहुतेक वेळा साठच्या पुढे. दर वेळी जागं होणाऱ्या इंजिनला एवढं जाड ऑइल ढवळायला लावायचं कशाला?

आता दुसरी बाजू. इंजिन थंड असताना पेट्रोलचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो, ज्वलनातली वाफही तिथेच पाणी होऊन बसते. चांगलं तापलेलं इंजिन हे दोन्ही उडवून लावतं, अर्धवट तापलेलं नाही. पेट्रोल मिसळलं की ऑइल आणखी पातळ होतं. २० टाकण्यामागचा हा एकच युक्तिवाद मला वजनदार वाटतो. जुलैत, रोजचं छोटं अंतर आणि सततचा पाऊस असताना, ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट सायीसारखा थर दिसला होता. कोल्हापूरला जाऊन आल्यावर तो गेला. मी यावर उपाय म्हणून ऑइल जाड केलं नाही. ऑइल बदलायच्या १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष या मुदतीतलं वर्ष मी पाळते, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, आणि दर पंधरवड्याला डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघते. पातळी कमी झाली का हे सगळेच बघतात. हायब्रिडवाल्यांनी ती वाढली का हेही बघा. वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल लगेच बदलून घ्या.

मायलेजबद्दल सगळे विचारतात. कंपनीचा आकडा लिटरला २३.२४ किलोमीटरचा, मला शहरात अठराच्या आसपास मिळतं. २० वरून १६ वर आल्यावर पडलेला फरक एसी, पाऊस आणि टायरमधली हवा यांच्या फरकात विरघळून जातो. मायलेज वाढेल या आशेने कोणी बदलू नये.

आवाजाचंही तसंच. खंबाटकी चढताना पॅडल दाबलं की इंजिन एकदम वर जाऊन तिथेच घुमत राहतं. हा ई-सीव्हीटीचा, म्हणजे हायब्रिडच्या ऑटोमॅटिक गिअर यंत्रणेचा, स्वभाव आहे, दोन्ही ऑइलवर तो तसाच होता. कोकणात उतरताना बॅटरी भरली की मोटर इंजिनला पेट्रोलशिवाय नुसतं फिरवून गाडी आवरते, तेव्हाही घरघर ऐकू येते. त्यात ऑइलचा दोष नाही.

घेताना डब्यावर एपीआय एसपी आणि जीएफ-६बी हे ऑइलच्या दर्जाचे शिक्के बघा. जीएफ-६बी हा वर्ग २०२० मध्ये खास ०डब्ल्यू-१६ साठी आला आणि त्याची खूण मुद्दाम वेगळी, ढालीच्या आकाराची ठेवली, म्हणजे जुन्या इंजिनात ते चुकून ओतलं जाऊ नये. घरातल्या दुसऱ्या गाडीत उरलेलं ऑइल टाकायचा मोह नको. तालुक्याच्या गावी १६ सहज मिळत नाही, म्हणून लांब जाताना एक लिटरचा डबा डिकीत ठेवते. तोही नसेल तर वेळेला २० घाला. १६ मागणाऱ्या हायब्रिडबद्दल टोयोटाच्या अमेरिकेतल्या पुस्तिका तेच सांगतात, फक्त पुढच्या वेळी पुन्हा १६वर या म्हणतात.

माझ्या गाडीच्या पुस्तिकेतच असंही आहे की सतत जास्त वेग किंवा जड भार असेल तर थोडं दाट ऑइल योग्य ठरू शकतं. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर कारला मर्यादा १०० ची, घाटात ६० ची. तेवढ्यासाठी मी १६ सोडणार नाही. पण सातही जागा भरून, टपावर सामान बांधून समृद्धीवर रोज १२० ने भाडी मारणाऱ्या चालकाने मला विचारलं, तर मी त्याला ०डब्ल्यू-२० सांगेन.