पतसंस्थेत ठेव असेल तर आजच अहवाल उघडा

31 वर्षं एसटीत कंडक्टर होतो. ड्यूटी संपली की वेबिलाशी, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, रोकड जुळवायची, कमी पडली तर पदरची भरायची. म्हणजे हिशेब मला कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. तरीही गावातल्या पतसंस्थेत माझे 6,50,000, बायकोचे 1,20,000 आणि पिग्मीचे (रोज थोडे थोडे भरलेले) 38,400 अडकले. एकूण 8,08,400. त्यातले आजवर 15,000 हातात आले, तेही बायकोच्या ऑपरेशनचे कागद दाखवून.

व्याज 11 टक्के. लोभ म्हणा हवं तर. पण ते दर महिन्याला 1 तारखेला जमा व्हायचं, चेअरमन रोज देवळात भेटायचे, काउंटरमागे ‘सतत ऑडिट वर्ग अ’ अशी पाटी होती. ऑडिटर सरकारी यादीतला असला तरी त्या यादीतून कुणाला घ्यायचं हे संस्थाच ठरवते, आणि तो ठराव सभेत आपणच हात वर करून मंजूर करतो, हे मला फार उशिरा कळलं.

सभेचंच सांगतो, कारण रात्री झोप उडवते ती तीच. सप्टेंबरातली वार्षिक सर्वसाधारण सभा, मंगल कार्यालयात. दारात अहवाल आणि स्टीलचा डबा मिळाला. मी डबा पिशवीत टाकला आणि अहवालाने वारा घेत बसलो. विषय क्रमांक 1, मंजूर. 2, मंजूर. तेवढ्यात एक निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, “पान 14 वर ‘इतर येणे’, म्हणजे संस्थेला लोकांकडून यायचे बाकीचे पैसे, मागच्या वर्षी 31 लाख होतं, यंदा 2 कोटी 14 लाख कसं? आणि संचालकांच्या नातेवाइकांच्या कर्जाचा तक्ता कोरा का?” चेअरमन नुसते हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “जेवणं थंड होतायत!” आणि मी, शेजारीच बसलेलो, गुरुजींचा सदरा ओढून म्हणालो, “बसा हो गुरुजी, कशाला उगाच.”

पुढच्या मे महिन्यात शटर खाली आलं. ते 2 कोटी कुठे गेले, ते तुम्हाला सांगायला नको.

माझा आणखी एक गाढवपणा. 2020 साली 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा मिळाल्याची बातमी वाचून मी बायकोला म्हटलं होतं, काळजी नको. अहो, तो विमा बँकेतल्या ठेवींना. पतसंस्था ही बँक नव्हे! पावती हातात घ्यायच्या आधी एवढं तरी विचारा.

आता सरकारी खात्याची तऱ्हा ऐका. सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात नऊ खेपा झाल्या. कधी साहेब दौऱ्यावर, कधी साहेब मीटिंगला. आधी म्हणे सहकार कायद्याच्या कलम 83 ची चौकशी चालू आहे. मग म्हणे ती झाली, आता कलम 88 खाली नुकसानीची जबाबदारी कुणाची ते निश्चित करायचं. कधी? तर मुदतवाढ मिळाली आहे. पोलिसांत गेलो तर म्हणाले, हा सहकार खात्याचा विषय, ऑडिट रिपोर्ट आणा. खातं म्हणतं, रिपोर्ट गोपनीय, पोलिसांनी मागावा. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी 1999 चा एमपीआयडी कायदा आहे म्हटलं, तर हवालदाराने मलाच विचारलं, “वकील का तुम्ही?” एका कारकुनाने तर कडी केली: “काका, 11 टक्के घेताना आम्हाला विचारलं होतंत का?” अहो, तपासणीचा पगार तुम्ही घेता ना? की तपासणीही मीच करायला हवी होती?

हो, थोडी मीही करायला हवी होती. सहकार कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला शेवटचा ताळेबंद, सभेची इतिवृत्तं संस्थेत जाऊन फुकट बघता येतात. जा आणि मागा. टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी पैसे काढा. आणि ‘नाममात्र सभासद’ करून घेतलं असेल तर मत नाही, हेही लक्षात ठेवा. माझी बायको तशीच होती. पिग्मी एजंटवर राग काढू नका, आमच्या एजंटाच्या आईचेही 90,000 बुडालेत. अर्ज दिला की आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. माझा पहिला अर्ज ‘सापडत नाही’.

गुरुजींचे तिथे 40,000 होते. सभेनंतर आठवड्याभरात मुदतीआधी पावती मोडून त्यांनी ते काढून घेतले. हल्ली बाजारात भेटतात. पतसंस्थेचा विषय काढत नाहीत, बायकोची तब्येत तेवढी विचारतात.