रोलरच्या शाफ्टमधला तडा: अकूस्टिक एमिशन की अल्ट्रासॉनिक?

ऐन हंगामात साखर कारखान्याच्या मिलमधल्या रोलरचा, म्हणजे ऊस चिरडणाऱ्या दंडगोलाचा, शाफ्ट तुटला तर काय होतं, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको. गाळप बंद पडतं आणि गव्हाणीपुढे उसाच्या गाड्यांची रांग लागते. तडा मात्र बऱ्याचदा आधीपासून वाढत असतो. प्रत्येक फेरीला शाफ्टवर एकदा ताण आणि एकदा दाब येतो, त्यात धातू थकतो.

तो तडा पकडायच्या दोन पद्धती इथे बघू. पहिलीत, अकूस्टिक एमिशनमध्ये, यंत्र नुसतं ऐकतं. भाराखाली तडा पुढे सरकला की ऊर्जा सुटते आणि तिची लहर पृष्ठभागावरच्या सेन्सरपर्यंत येते. ऐकायची पट्टी साधारण 100 ते 300 किलोहर्ट्झ. आपला कान 20 च्या पुढे जात नाही. दोन-तीन सेन्सरवर लहर किती अंतराने पोचली त्यावरून जागाही कळते. तडा आत्ता वाढतोय, हे काम चालू असताना सांगणारी पद्धत म्हणून मला ती फार आवडते.

पण मिलवर ती फसते. फिरत्या शाफ्टवरून वायर आणणं कटकटीचं, आणि सेन्सर बेअरिंगच्या हाउसिंगवर लावला तर ऊस चिरडल्याचा, पिनियनचे (रोलर फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दाते घासल्याचा गोंगाटच जास्त येतो. शिवाय तडा किती खोल आहे, ते ती सांगत नाही.

अल्ट्रासॉनिकमध्ये लहर आपण सोडतो. शाफ्टच्या टोकाला ग्रीस लावून 2 मेगाहर्ट्झचा प्रोब (लहर सोडणारा आणि परत आलेली टिपणारा तुकडा) टेकवायचा. पोलादात लहर सेकंदाला सुमारे 5,900 मीटर धावते, त्यामुळे चार मीटर लांबीच्या शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लहर दीड मिलिसेकंदाच्या आत परत येते. मधेच प्रतिध्वनी उठला तर तिथे काहीतरी आहे. रोलरचं बिडाचं कवच शाफ्टवर तापवून बसवलेलं असतं आणि तडे नेमके त्या कवचाच्या काठाशी, आतल्या बाजूला धरतात. तिथे डाय पेनिट्रंटचा (तड्यात रंग मुरवून तो डोळ्यांनी बघण्याचा) उपयोग नाही, कारण पृष्ठभाग दिसतच नाही. शाफ्टची जाडी बदलते त्या खांद्याचा आणि कवचाच्या काठाचाही प्रतिध्वनी येतो, म्हणून नवशिक्याच्या हाती हे काम देऊ नका.

रोलरच्या शाफ्टसाठी माझं मत सरळ आहे: ऑफ सीझनला अल्ट्रासॉनिक, दरवर्षी. अकूस्टिक एमिशनचा पैसा प्रेशर व्हेसलवर, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांवर, खर्च करा. 1950 मध्ये योजेफ कायझर यांनी दाखवलं की धातू आधी सोसलेल्या भाराच्या पुढे गेल्याशिवाय सहसा पुन्हा आवाज करत नाही. दाबचाचणीत त्याच्या आधीच आवाज आला तर तिथे संशय घ्यायचा.

पॉवरलूमच्या क्रँकशाफ्टला यातलं काहीच परवडत नाही. तो बदललेला बरा.

तपासणीला माणूस बोलावताना नुसता ‘ओके’चा शिक्का घेऊ नका. पडद्यावरचा आलेख, प्रोब आणि गेनची (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवला त्याची) नोंद मागा, आणि पुढच्या वर्षी त्याच सेटिंगवर तपासून घ्या.